तळच्या ओळीतलं 'हो'

तक्ता हातात आला की आमचे सर तो खालून वर वाचायचे. डाव्या हाताचा पंजा कागदाच्या वरच्या भागावर पालथा ठेवायचे, सगळे आकडे झाकून टाकायचे आणि तळच्या दोन-तीन ओळींवर चष्मा नेऊन थांबायचे. समोर उभ्या माणसाचा जीव टांगणीला. झाकलेल्या आकड्यांसाठी त्याने दोन-दोन महिने घालवलेले असायचे, आणि सर वाचताहेत काय, तर एकूण नोंदी किती, गळाल्या किती, तळटीप काय म्हणते. त्या ओळींनी समाधान झालं तरच पंजा वर सरकायचा. नाही झालं तर कागद तसाच परत मिळायचा आणि वरचे आकडे सरांनी पाहिलेलेही नसायचे.

त्या संस्थेत मी लागले ते दोन हजार चार-पाचच्या सुमारास. मी सोलापूरची, एम. ए. होऊन नुकतीच बाहेर पडलेली, लखनौ नकाशात नेमकं कुठे हेही धड ठाऊक नसलेली. अलीगंजमधल्या त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पण सर अमरावतीचे, त्यामुळे पहिला महिना मला त्यांची मराठीही शिकावी लागली. मागे येऊन "काय करून राहिली?" म्हणाले की मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. मी "बघते" म्हटलं की ते "पाहते म्हण, पाहते" म्हणून दुरुस्त करायचे. वीस-बावीस वर्षं लखनौत काढूनही तिथली गोड बोलायची रीत त्यांना कधी लागली नाही. चहा आणणाऱ्या भैयांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांशी एकच सरळसोट हिंदी. संचालक जुने लखनौवाले, एक गोष्ट सांगायला दहा वाक्यं घेणारे. सरांशी बोलताना तेही दोन वाक्यांत आटपायचे.

आमचं काम म्हणजे एखाद्या योजनेचा लोकांना उपयोग झाला की नाही ते आकड्यांवरून ठरवणं. संगणकावर रिग्रेशन, म्हणजे कशामुळे काय किती बदललं ते काढायचं गणित, चालवायचं, त्याचा तक्ता अहवालात लावायचा. यातली एकच गोष्ट इथे समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एखाद्या जिल्ह्यात मुली शाळेत टिकतात, दुसऱ्यात टिकत नाहीत. त्यामागे जमीन, जात, रस्ते अशा शंभर गोष्टी असतात आणि त्या चार-पाच वर्षांत हलत नाहीत. योजना नेमकी मुळात चांगल्या जिल्ह्यांत सुरू झाली, तर त्या जिल्ह्यांची जुनी पुण्याई योजनेच्या नावावर खपून जाते. म्हणून प्रत्येक जिल्ह्याचं मूळचं जे काही असेल ते गणितात आधी वेगळं काढायचं आणि जिल्ह्याची तुलना फक्त त्याच्या स्वतःशी करायची, गेल्या सालची यंदाशी. याला फिक्स्ड इफेक्ट्स म्हणतात. सर 'जिल्ह्याचा स्वभाव' म्हणायचे.

"स्वभावाला औषध नाही," ते सांगायचे. "म्हणून स्वभाव आधी बाजूला ठेवायचा, आणि मग औषधाला गुण आला का ते पाहायचं."

हे त्यांनी नुसतं शिकवलं असतं तर ठीक होतं. ते तसेच जगायचे, आणि त्यापायी भोवतालची माणसं मेटाकुटीला यायची. लखनौतल्या कुठल्याही मराठी घरात मे-जून महिन्यात दशहरी आंबा कापला की कुणीतरी हापूसचं नाव काढून सुस्कारा सोडतंच. सरांपुढे ती सोय नव्हती. दशहरीची तुलना गेल्या वर्षीच्या दशहरीशी करा, नाहीतर मुकाट्याने खा. काकूंनी केलेल्या आमटीला त्यांनी कधी चांगली किंवा वाईट म्हटलं नाही. "गेल्या गुरुवारपेक्षा बरी" एवढंच. काकू म्हणायच्या, लग्नानंतरचा पहिला गुरुवार माझा बिनतुलनेचा गेला, त्या दिवशी हे काहीच बोलले नाहीत.

एका वर्षी मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात सरांना मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक नेमलं. नेमणाऱ्यांना पुढे त्याचा फार पश्चात्ताप झाला. सर आदल्या वर्षीही कार्यक्रमाला होते आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्यांनी प्रत्येक मुलाविषयी दोन-दोन शब्द लिहून ठेवलेले होते. ती पत्रिका घेऊन ते बसले. पहिलं बक्षीस दिलं एका रेल्वे इंजिनियरच्या मुलीला, जिचा सूर लागत नव्हता हे मागच्या रांगेतल्या चपला सांभाळणाऱ्यालाही कळत होतं. आदल्या वर्षी ती पहिल्या ओळीनंतर रडत व्यासपीठावरून पळाली होती. यंदा शेवटपर्यंत गायली. ज्या मुलाचा गळा सगळ्यात गोड, त्याला काहीच नाही, कारण तो गेल्या वर्षीही तितकाच गोड होता. त्याच्या वडिलांनी दोन वर्षं सरांना नमस्कार केला नाही. मी त्या मुलीला मराठीतून विचारलं, कसं वाटलं? ती तिकडच्या मुलांप्रमाणे हिंदीत म्हणाली, "अंकल को याद था." मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

संगणक आपणहून जो तक्ता बाहेर टाकतो तो सरांना चालायचा नाही. तो सबंध उसवून पुन्हा शिवावा लागायचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या आज्ञांची पानंच्या पानं मी त्या वर्षांत पाठ केली. दशांश चिन्हापुढे दोनच अंक, कारण "तिसरा अंक कोणी पाहिला?" रकान्यांना नुसते एक-दोन-तीन क्रमांक नाहीत, प्रत्येक रकाना कोणता प्रश्न विचारतो ते त्याच्या डोक्यावर शब्दांत लिहायचं. परिणाम भक्कम असला की आकड्यापुढे जे तारे छापतात ते तर त्यांना अजिबात खपायचे नाहीत. अहवाल वाचणारे तारे मोजतात आणि बाकी काही वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. संचालकांना तारे हवे असायचे. मग मी दोन प्रती काढायची, एक तारांकित, एक सरांची.

पण सगळ्यात जास्त छळ तळच्या ओळीचा. गणितात जिल्ह्यांचे स्वभाव घातले की प्रत्येक जिल्ह्याची एक ओळ तयार होते. तेवढ्या ओळी छापून काय करणार? म्हणून त्या लपवायच्या आणि तक्त्याच्या तळाशी एकच ओळ घालायची: 'जिल्ह्यांचे फिक्स्ड इफेक्ट्स', आणि तिच्यापुढे त्या-त्या रकान्यात 'हो' किंवा 'नाही'. या 'हो'ची गोष्ट अशी की ते संगणक देत नाही. वरचा प्रत्येक आकडा गणितातून येतो, 'हो' मात्र आपण टाइप करतो. गणितात जिल्हे घातलेलेच नसले तरी संगणक ते निमूटपणे छापून मोकळा होतो.

"एवढ्या तक्त्यात माणसाचं बोलणं एवढंच," सर म्हणायचे. "बाकी सगळं मशीनचं. मग आधी काय तपासायचं?"

तपासायची पद्धतही ठरलेली. छापील तक्त्यातल्या प्रत्येक 'हो'वर एक बोट ठेवायचं, दुसरं बोट प्रोग्रॅममधल्या त्या ओळीवर ठेवायचं जिथे जिल्हे खरोखर घातले आहेत, आणि दोन्ही बोटं सरांना दाखवायची. वीस 'हो' असले तर वीस वेळा. मोठमोठे पीएच. डी. झालेले लोक त्यांच्यासमोर पाढे म्हणणाऱ्या पोरांसारखे बोटं ठेवून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या मागे सगळे त्यांना हसायचे. मीही हसायचे. पण बोटं ठेवायला मी कधी चुकले नाही, आणि असा चार-साडेचार वर्षांचा काळ गेला.

मग तो वाचनवर्गांचा अहवाल आला. एका स्वयंसेवी संस्थेने काही जिल्ह्यांत शाळकरी मुलींसाठी दुपारचे वाचनवर्ग सुरू केले होते. त्या वर्गांमुळे मुलींची गळती थांबते का, हा प्रश्न. काम माझ्याकडे होतं. मी तोवर कंत्राटावर होते, वर्षाच्या वर्षाला मुदत वाढवून घेणारी. कायम नेमणुकीची माझी फाइल समितीपुढे जायची होती आणि या अहवालावर ती बरीचशी अवलंबून होती. सरांचीही निवृत्ती जवळ आली होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळेल असं सगळेच धरून चालले होते.

जानेवारीतली दुपार होती. धुकं उशिरा विरलं होतं आणि सर मफलर गुंडाळून संस्थेच्या हिरवळीवर खुर्ची टाकून शेंगा खात बसले होते. मी तक्ता नेऊन दिला. त्यांनी पंजा ठेवला, तळची ओळ वाचली. मी बोट पुढे केलं. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "राहू दे. तुझं पाहायला नको आता."

इतकं मोठं प्रशस्तिपत्र त्या संस्थेत कुणाला मिळालं नव्हतं. मी हवेत चालत खोलीवर गेले आणि सोलापूरला फोन करून आईला सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती खूश झाली.

अहवाल छापून गेला. दोन महिन्यांनी त्या स्वयंसेवी संस्थेने आणखी एक रकाना वाढवून मागितला म्हणून मी जुना प्रोग्रॅम उघडला. चौथ्या रकान्याच्या गणितात जिल्हे नव्हतेच. तक्त्याची तळची ओळ लिहिताना तिसऱ्या रकान्याचा मजकूर उचलून मी चौथ्याला चिकटवला होता, त्यातल्या 'हो'सकट, आणि गणितात जिल्हे घालायचे राहून गेले होते. मी ते घातले, पुन्हा चालवलं. वर्गांचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. वर्ग मुळात अशाच जिल्ह्यांत सुरू झाले होते जिथे मुली आधीपासून टिकत होत्या. आणि अख्ख्या अहवालाचा निष्कर्ष त्या चौथ्या रकान्यावर उभा होता.

मी कुणाला सांगितलं नाही. एक दिवस, दोन दिवस. समितीची बैठक महिनाअखेर होती. तोवर कळलं नाही तर काय बिघडणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. मला रात्री जेवण जात नव्हतं, पण सकाळी ऑफिसात जाऊन मी सरांना नमस्ते म्हणत होते. असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ते लोक नवे जिल्हे निवडायला बसताहेत, पुढच्या आठवड्यात तुझा चौथा रकाना मी त्यांना समजावून सांगणार आहे.

"सर," मी म्हटलं, "चौथ्या रकान्यातलं 'हो' खोटं आहे."

ते खुर्ची ओढून बसले. मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"केव्हा कळलं?"

"आज सकाळी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, कामाचं सगळं फोल्डर मागून घेतलं आणि आपल्या खोलीत गेले. संध्याकाळी त्यांनी संचालकांना आणि त्या स्वयंसेवी संस्थेला पाठवायचं पत्र मला वाचायला दिलं. अहवाल मागे घेत आहोत. चौथा रकाना चुकीचा आहे. तो तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि मी तपासला नाही. आणि खाली एक वाक्य: ही चूक माझ्या सहकारी संशोधिकेच्या आज लक्षात आली आणि तिने त्याच दिवशी मला सांगितली. मी ते वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे म्हटलं. सरांनी सही केली.

संचालकांनी त्यांच्या पद्धतीने बरंच समजावलं. घाई काय आहे, पुढच्या अहवालात हळूच दुरुस्त करून टाकू, संस्थेची इज्जत आहे. सरांनी पत्र पाठवलं. नव्या जिल्ह्यांची निवड थांबली. आणि महिनाअखेर समितीत माझ्या बाजूने तेच वाक्य वाचून दाखवलं गेलं, की जी मुलगी स्वतःची चूक त्याच दिवशी सांगते ती संस्थेत असायला हवी. मी कायम झाले. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. मुदतवाढ झाली नाही. माझ्या चुकीची शिक्षा सरांना मिळाली असं सगळे म्हणत, आणि मी खाली मान घालून ऐकून घेत असे.

निवृत्तीनंतर ते अमरावतीला परतले नाहीत, लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत आपल्या घरी राहिले. मी दिवाळीला जायची, पण चार जणांबरोबर. एकटी जायचं टाळत गेले. त्यांची खोली पुढे मला मिळाली. तक्ते तपासायचं कामही. लोकांना मी बोटं ठेवायला लावत असे, आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाज वाटत असे. लाज वाटत असूनही सात वर्षं निघतात, हे मला अनुभवाने माहीत आहे.

आलमबागेत मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या थंडीत मला पुण्याला वरची जागा मिळाली. निघण्याआधी सरांना भेटायला गेले, पहिल्यांदाच एकटी. काकूंनी दार उघडलं. सर बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण दाणा बोटांना कळत होता. मीही समोर बसून सोलायला घेतले. पुण्याचं सांगून झालं, सोलापूरचं झालं. मग मी म्हटलं, "सर, ते मला त्या दिवशी सकाळी नव्हतं कळलं. अकरा दिवस आधी कळलं होतं."

ते सोलत राहिले. "माहीत आहे. लॉगवर तारीख असते."

लॉग म्हणजे आपण संगणकावर काय-काय केलं याची तो स्वतःच ठेवतो ती नोंद, दिवस आणि वेळेसकट. ते फोल्डर मी माझ्या हातांनी त्यांना दिलं होतं. सगळ्या संस्थेत लॉग वाचणारा माणूस एकच होता, आणि मला ते तेव्हा सुचलंही नव्हतं. पत्र लिहायच्या आधीच त्यांना कळलेलं होतं.

"मग तुम्ही पत्रात 'त्याच दिवशी' असं काय म्हणून लिहिलंत?"

"तुझी नेमणूक व्हायची होती."

मी म्हटलं, आणि तुमची मुदतवाढ मात्र माझ्यापायी गेली. तेव्हा त्यांनी मान वर केली. मुदतवाढीचा कागद आला होता, ते म्हणाले. त्यांनीच तो परत पाठवला. आत काकू उभ्या होत्या. त्यांना ठाऊक असावं.

"इतकी वर्षं लोकांच्या 'हो'वर बोट ठेवायला लावलं," सर म्हणाले. "एक मी स्वतः खोटं लिहिलं. मग पुढच्याला कोणत्या तोंडाने विचारणार?"

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. शेंगा संपल्या, तेव्हा दाण्यांचं भांडं बाजूला सारून ते म्हणाले, "तेव्हा तुला अकरा दिवस लागले. आता सात वर्षं."

रागाने म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते तक्त्याची तळची ओळ वाचावी तसं म्हणाले. मी इतरांपेक्षा बरी की वाईट याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं, आणि माझ्याशीच माझी तुलना केली तर हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेत जाऊन पत्र लिहिलं. त्या अहवालातली चूक मला अकरा दिवस आधी कळली होती. मी ती लपवली, आणि सरांनी विचारल्यावर खोटी वेळ सांगितली. सरांना ते कळलं होतं की नाही, याबद्दल मी काही लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. नवे संचालक वाचून चकित झाले. "मैडम, अब इसकी क्या ज़रूरत थी?" म्हणाले, आणि हे पुण्याला जाणाऱ्या फाइलमध्ये लागेल याचीही आठवण करून दिली. लागलंच. पुण्याच्या लोकांनी मला बोलावून त्यावर तासभर विचारलं आणि नेमणूक तीन महिने लांबली. त्या तीन महिन्यांत मला झोप लागली नाही असं म्हणता येणार नाही, उलट चांगली लागली.

पत्र दिलं त्याच दुपारी त्याची एक प्रत घेऊन मी महानगरात गेले होते. सरांनी ती हातात घेतली, भिंग मागवलं, आणि डावा पंजा कागदाच्या वरच्या भागावर पालथा ठेवला. तळाला माझी सही होती आणि सहीखाली तारीख. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. मी उभीच होते.

"एक दिवस," ते म्हणाले, आणि पंजा वर सरकवला.